ब्रदरचा उपास

"आमच्याकडं पण."

ताटात काहीही वाढा, रानात काहीही दाखवा, तो आधी खाली वाकायचा, डोळे मिटून वास घ्यायचा आणि मान वर करून हे दोन शब्द म्हणायचा. फणस दाखवला, आमच्याकडं पण. कोवळ्या बांबूची भाजी केली, आमच्याकडं पण. चिखलात बसलेली म्हैस, भाताची आवणी, उन्हात वाळत घातलेली सुकट, सगळं त्याच्याकडं पण होतं. सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटलं. नंतर नंतर राग यायला लागला. दुसऱ्याच्या मुलखात आल्यावर माणसानं थोडं तरी नवल करावं की नाही? मला राग लवकर येतो आणि जातोही लवकर, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या अखेरची. मी तेव्हा शहापूर तालुक्यातल्या शेणव्याजवळ, रस्त्याला लागून असलेल्या एका लहानशा मिशनच्या बालवाडीत शिकवायचे. आमचं घर शेतकऱ्याचं, देवाधर्माचं सगळं रीतसर करणारं. मिशनशी माझा संबंध नोकरीपुरता. तिथले मोठे फादर वसईचे, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलणारे. एका दुपारी मुलं घरी गेल्यावर ते या पोराला घेऊन आले आणि म्हणाले, हा आपला नवा ब्रदर, इंडोनेशियातल्या एका बेटावरचा आहे, पुण्याला शिकतो, आता वर्षभर आपल्याकडं राहील, तेवढं याचं मराठी तुम्ही बघा. ब्रदर म्हणजे अजून फादर न झालेला, उमेदवारीतला. मी त्याला "अहो ब्रदर" म्हणायचे, तो मला "बाई" म्हणायचा. पण आठवताना तो मला 'तो'च आठवतो, कारण वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा होता.

बुटका, सावळा, नाक बसकं, केस राठ. परदेशी माणूस म्हणून जी काही कल्पना आमच्या गावानं केली होती, तिच्यावर त्यानं पहिल्याच दिवशी पाणी ओतलं. गावातले एक जाणते गृहस्थ धुतलेलं धोतर नेसून मुद्दाम परदेशी पाहुणा बघायला आले. व्हरांड्यातल्या बाकावर याच्या शेजारी बराच वेळ बसले, यानं आणून दिलेलं पाणी प्यायले, पावसापाण्याच्या गोष्टी केल्या आणि शेवटी कंटाळून मला म्हणाले, "बाई, तो परदेशी कंदी येनार?" मी सांगितल्यावर त्यांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निघून गेले. त्यांची फसवणूक झाली असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

परदेशी माणूस आपलं खाऊ शकत नाही, तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, असं आपण सगळेच धरून चालतो. इथं उलटंच झालं. आमचे मोठे फादर पोटाच्या तक्रारीमुळं ताक-भातावर, आणि हा हिरवी मिरची मिठाला लावून भाताबरोबर कचाकचा खायचा. सासूबाईंनी त्याची परीक्षा घ्यायची म्हणून एकदा बोंबलाचं कालवण चांगलं जहाल केलं. त्यानं वाटी पुसून घेतली आणि पुन्हा पुढं केली. त्या दिवसापासून सासूबाई त्याला "अरे" म्हणायला लागल्या. त्यांनी ज्याला "अरे" म्हटलं तो घरातला झाला असं समजायचं.

सुक्या मासळीसाठी तो जीपनं मुरबाडच्या बाजाराला जायचा. एकदा मी बरोबर होते. प्रत्येक ढिगाऱ्यापुढं हा उकिडवा बसणार, डोळे मिटून वास घेणार आणि पुढच्या ढिगाऱ्याकडं सरकणार. शेवटी एक मासळीवाली ओरडली, "घेतोस का नुसता वासानंच पोट भरतोस?" त्याला शब्द कळले नाहीत, पण भाव कळला. तो तिच्या समोरच मांडी घालून बसला आणि तिच्याकडूनच सगळी खरेदी केली. पुढं ती बाई त्याच्यासाठी चांगले बोंबील वेगळे काढून ठेवायची.

त्याला चालत नव्हता तो फक्त दुधाचा चहा. आणि आपल्याकडं तर कुणाच्या दारात पाऊल टाकलं की पहिला चहा येतो. तो बिचारा प्यायचा, हसायचा, आणि रस्त्यात कुठं तरी बांधाच्या आड जाऊन ओकायचा. हे मला कळलं तेव्हा मी म्हटलं, अहो, नको म्हणा ना. तर म्हणाला, नको कसं म्हणू, त्यांनी मुद्दाम दूध आणलेलं असतं.

मोठ्या फादरांनी त्याला वरचा पाडा सोपवला होता. शेणव्याहून डोळखांबच्या अंगाला, टेकडीवर, चढून जायला दम लागेल इतका लांब. घरं कुडाची, उतारावर नाचणी आणि वरी, खाली थोडं भात. त्यातली मोजकी घरं ख्रिस्ती. कुणी दवाखान्याच्या ओळखीनं, कुणी शाळेच्या, जुन्या काळी या वाटेला लागलेली. बाकी पाडा आपापले देव धरून होता आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं. मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, करण्याचा अधिकार ब्रदरला नव्हता, ती महिन्यातून एकदा मोठे फादर जाऊन करायचे. इतर रविवारी हा जाऊन प्रार्थना घ्यायचा.

पाड्यावरचं चर्च म्हणजे शेणानं सारवलेली एक खोली. वर कौलं, भिंतीला सागाचा क्रूस. चपला बाहेर, बाया एका बाजूला, बापे एका बाजूला, आणि गाणी भजनाच्या चालीवर, ढोलकी-टाळ लावून. येणाऱ्यांत निम्मे तर ख्रिस्ती नसलेलेच असायचे. कोण गाणं ऐकायला, कोण पोराला घेऊन सावलीला, कोण नंतरच्या चहाला. मी पण एकदोनदा गेले आहे, मला कुणी काही विचारलं नाही. ब्रदरचं प्रवचन आम्ही दोघं मिळून बसवायचो. त्याला जेवढी वाक्यं पाठ व्हायची तेवढंच ते असायचं, म्हणून पाड्यात ते फार नावाजलं गेलं. मोठ्या फादरांच्या प्रवचनात चहा गार होतो, ब्रदरच्या नाही, असं बाया उघड बोलायच्या.

आणि खरं सांगायचं तर पाड्याला तो आवडला तो चहामुळंच. तिथं दूध असायचं नाही. पाहुणा आला की त्या बायांना कानकोंडं व्हायचं, कुणाची तरी शेळी पिळायला पोरं धावायची. पहिल्याच रविवारी यानं हात जोडून कोरा चहा मागितला. दुसऱ्या घरातही कोराच मागितला. पिऊन झाल्यावर पोटावर हात फिरवून म्हणाला, आमच्याकडं पण असाच. पाड्यानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि यानंही. त्यानंतर कुणीही त्याला दारावरून पुढं जाऊ देईना.

पाड्यातल्या ख्रिस्ती घरांत शब्द चालायचा तो बुधीआजीचा. वाळलेली, काटक बाई. चर्चची खोली तीच सारवायची, किल्लीही तिच्याच कमरेला. ती बसली की बाकीच्या बसायच्या, ती उठली की उठायच्या. तिनं याला आपल्या ओट्यावर जागा दिली होती, म्हणजे पाड्यानं दिली होती.

आता ब्रदरचं काय अडलं होतं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं यायच्या आधी त्याला दुसऱ्या एका ठिकाणी पाठवलं होतं. तिथं त्याला कावीळ झाली, माणसांशी सूर जुळला नाही, आणि त्याला परत बोलावलं. आमचं ठिकाण ही त्याची शेवटची संधी होती. मोठ्या फादरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की तुझी मराठी, तुझं प्रवचन मी बघणार नाही. ईस्टरला मी पाड्यावर मिस्सा करायला येईन तेव्हा एवढंच बघेन की माणसं तुला धरून आहेत की नाहीत. नसली तर तू घरी जा, फादर होणं तुझं काम नाही. मोठे फादर प्रेमळ होते, पण शब्दाला पक्के होते.

हे त्यानं मला शिकवणीच्या वेळी सांगितलं, बालवाडीच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला असताना. त्याच्या गावातून फादर व्हायला निघालेला तो पहिलाच. निघताना अख्खं गाव बंदरावर आलं होतं. "मला असं परत जायचं नाही, बाई," एवढंच म्हणाला आणि पुन्हा तक्त्याकडं बघायला लागला. मी त्याला खडसावलं की तुम्हाला कोण पाठवतंय, पाडा तुमच्यावर जीव टाकतो, उगाच रडगाणं लावू नका. मला तसं मनापासून वाटत होतं.

मग ईस्टरच्या आधीचा गुड फ्रायडे आला. बालवाडीला सुट्टी होती. संध्याकाळी पाड्यावर क्रुसाची वाट होणार होती, म्हणजे क्रूस खांद्यावर घेऊन टेकडीवर चढत जायचं आणि ठिकठिकाणी थांबून प्रार्थना म्हणायची. मला ते बघायचं होतं म्हणून मीही त्याच्याबरोबर निघाले. ऊन मी म्हणत होतं. दुपारी आम्ही पोचलो तर पाडा शांत. बुधीआजीच्या ओट्यावर बायाबापे निवांत बसलेले, पोरंसुद्धा आवाज न करता. तो दिवस ते महाशिवरात्रीसारखा पाळायचे. धान्य नाही, मीठमिरची बेताची, देवाचं नाव घ्यायचं आणि वाद घालायचा नाही.

ब्रदर ओट्यावर टेकला, घाम पुसला आणि पिशवीतून डबा काढला. झाकण उघडलं आणि भाजलेल्या बोंबलाचा वास ओटाभर झाला. भात आणि बोंबील. मिशनातली स्वयंपाकाची बाई सुट्टीवर होती, यानं सकाळी स्वतः निखाऱ्यावर भाजले होते. मी डोळ्यांनी त्याला खुणावलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, त्याला वाटलं मला भूक लागलीय, आणि त्यानं डबा माझ्यापुढं केला.

"घ्या बाई. आज चालतं."

त्याचंही बरोबर होतं हो. त्यांच्या नियमात त्या दिवशी मटण-कोंबडी वर्ज्य, मासे चालतात. त्याच्या बेटावर तर गुड फ्रायडेला घरोघर मासेच असतात. पण आपल्याकडं उपासाला मासळी म्हटल्यावर कुणाची छाती होईल? मी मान हलवून नको म्हटलं. त्यानं तोच डबा बुधीआजीपुढं नेला. ती उठली, पदर नीट केला आणि आत गेली. मग एकेक करून बाकीचे उठले. कुणी बैल बघायला, कुणी पाणी आणायला. ओट्यावर आम्ही दोघंच उरलो आणि तो मन लावून जेवत राहिला.

आमच्याकडची माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, हे तुम्हालाही माहीत असेल. भांडली तर बरं, निदान कळतं तरी. ती गप्प बाजूला होतात. संध्याकाळी क्रुसाच्या वाटेला सगळे आले, कारण देवाचं काम होतं. पण दरवर्षी ठिकाण बदललं की क्रूस दुसऱ्या खांद्यावर जायचा, बापे त्यासाठी पुढं पुढं करायचे. त्या दिवशी एकही हात पुढं आला नाही. ब्रदरनं तो जड क्रूस टेकडीच्या माथ्यापर्यंत एकट्यानं नेला. वर पोचल्यावर घामानं निथळत मला हळूच म्हणाला, त्यांनी आज मला मोठा मान दिला. मला रडावं की हसावं कळेना.

खाली उतरताना मात्र त्याच्या लक्षात आलं. कुणी हाक मारली नव्हती, कुणी कोरा चहा विचारला नव्हता. आज काय झालं, असं त्यानं विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. तो वाटेतच उभा राहिला.

"पण मासे चालतात, बाई."

"तुमच्याकडं," मी म्हटलं.

इतके महिने जे जे त्याच्याकडं पण होतं, त्यात पहिल्यांदाच काहीतरी नव्हतं. खालच्या रस्त्यापर्यंत तो माझ्या चार पावलं मागंच राहिला.

मिशनात मोठ्या फादरांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, नियम तुझ्या बाजूचा आहे, रविवारी मी समजावून सांगतो सगळ्यांना. ब्रदर म्हणाला की तुम्ही समजावलं तर ते तुम्हाला हो म्हणतील, पण माझ्याकडं येणार नाहीत. फादरांनी त्यावर नुसती मान हलवली. ते पाड्याला त्याच्याहून जास्त ओळखत होते.

तो माझ्याबरोबर आमच्या घरी आला. सासूबाई शेंगा निवडत होत्या. त्यांना सगळं ऐकून त्याच्यावर राग आला नाही, माझ्यावर आला की तुला सोबत कशाला पाठवलं होतं. मग त्याला म्हणाल्या, "उपास मोडला तं दुसरा धरायचा रे. त्यात काय एवढं." त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. त्यानं मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि नीट समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी घरातली कामं काढून बसले होते. दुपारी मिशनातली बाई सांगत आली की ब्रदर सकाळीच वर गेला, काही न खाता, पाण्याची बाटलीही न घेता. सासूबाई मला म्हणाल्या, "अगो, पोरगा उन्हात उपाशी बसला असंल, आन् तू हितं कपडे काय धुतंस? जा." मी ओल्या हातानंच निघाले. वाटेभर माझ्या मनात वाईट वाईट येत होतं. कावीळ होऊन गेलेलं पोर ते, एवढ्या उन्हात चक्कर येऊन पडलं तर कोण बघणार? आणि पाड्यानं दार उघडलंच नाही तर?

तो बुधीआजीच्या दारात बसला होता. ओट्यावर नाही, खाली अंगणात, कुडाला टेकून. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. पाडा आपापल्या कामात असल्याचं दाखवत होता, पण समोरची बाई मघापासून एकच भांडं घासत होती. बुधीआजी आत-बाहेर करत होती, कोंबड्यांवर ओरडत होती, त्याच्याकडं मात्र बघत नव्हती. मला बघितल्यावर तिला बोलायला माणूस मिळालं.

"याला काय पायजे ता इचार. सकालपासना बसलाय."

मी सांगितलं की त्यानं उपास धरलाय. कालचा.

"कालचा आज?"

"त्याच्याकडं काल मासे चालतात, आजी. त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून आज धरलाय."

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "पानी पेलास का?"

त्यानं मान हलवून नाही म्हटलं.

"पानी पन नाय?" ती माझ्याकडं वळली. "असा उपास आमी तरी कंदी करताव?"

मी त्याला विचारलं तेव्हा सगळा उलगडा झाला. त्याला वाटलं होतं, पाड्याचा उपास म्हणजे पोटात पाण्याचा थेंबही नाही. काल ते सगळे उपाशी-तहानलेले होते आणि आपण त्यांच्यासमोर जेवलो, असं समजून तो रात्रभर तळमळला होता. काल पाड्यानं वरीचा भात खाल्ला होता, रताळी खाल्ली होती, कोरा चहा प्यायला होता. चुकला होता तो फक्त बोंबील. हे मी आजीला सांगितलं तर ती ओट्याच्या पायरीवर बसलीच.

"आमाला वाटला, तू आमच्या देवाच्या दिसाला हसतस," ती त्याला म्हणाली.

त्यानं दोन्ही हात हलवून नाही नाही म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. आजीच्या आलं नाही. ती उठली, तांब्या आणून त्याच्या हातात दिला, तो पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली आणि मग चुलीकडं गेली. वरी तिथं रोजचीच. उपासाच्या दिवशी तिच्यात हळद तेवढी पडत नाही. थोड्या वेळानं तिनं पानावर पांढरीशुभ्र वरी आणून ठेवली. त्यानं पान मागं सारलं आणि म्हणाला, उपास आहे.

"उपासाचीच हाय. खा."

तो माझ्याकडं बघायला लागला. उपासाला खातात हे त्याच्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, खा हो, आमच्याकडं उपास असाच असतो. त्यानं वाकून डोळे मिटून वास घेतला आणि पहिला घास तोंडात घातला. मग काय, भांडं घासणारी समोरची बाई उकडलेली रताळी घेऊन आली. दुसरी शेंगांची मूठ घेऊन आली. एका घरचा मुलगा शहापूरला कामाला होता, त्यांच्याकडं साबुदाणा निघाला, तो भिजवून, परतून येईपर्यंत त्याला उठू दिलं नाही. क्रूस उचलायला जे बापे पुढं आले नव्हते ते त्याच्या बाजूला येऊन बसले आणि कालचं ऊन किती होतं यावर बोलू लागले. कालच्याबद्दल त्याहून जास्त कुणी बोललं नाही.

टेकडी उतरताना त्याला चालवेना. म्हणाला, बाई, मी सणाला एवढं कधी खाल्लं नव्हतं. आणि हसायला लागला. मीही हसायला लागले. काल याच वाटेवर आम्ही कसे उतरलो होतो ते आठवलं आणि अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मी तेच तं सांगलं होतं.

तरी ईस्टरच्या रविवारी मी सकाळीच पाड्यावर जाऊन बसले. मोठे फादर मोटारसायकल पायथ्याला ठेवून वर आले. खोली सारवलेली होती, बायांच्या बाजूला बाया आणि बाप्यांच्या बाजूला बापे दाटीनं बसले होते, आणि ढोलकी वाजत होती. मिस्सा झाली, चहा झाला. मोठे फादर पेला हातात घेऊन बुधीआजीच्या ओट्यावर टेकले आणि साध्या आवाजात विचारलं की आमचा ब्रदर कसा आहे. ब्रदर जरा दूर उभा होता, पण त्याचा कान इकडंच होता. पेला तोंडाला लावायचंही त्याला भान नव्हतं.

आजीनं थोडा विचार केला.

"जरा येडा हाय," ती म्हणाली. "पन येऊन बसतो. राहू दे त्याला."

मोठ्या फादरांनी राहिलेला चहा पिऊन टाकला आणि ब्रदरला हाक मारून सांगितलं की पुढच्या रविवारची प्रार्थना लवकर सुरू कर, ऊन वाढतंय. एवढंच. पण ब्रदरला कळायचं ते कळलं. तो खोलीच्या मागं गेला आणि बराच वेळ आला नाही. मी मुद्दामच बघायला गेले नाही.

वर्ष संपल्यावर तो पुण्याला परत गेला आणि पुढं त्याच्या देशात जाऊन फादर झाला. जाताना पाड्यातले सगळे शेणव्याच्या रस्त्यापर्यंत उतरले होते. सासूबाईंनी त्याला सुकट बांधून दिली. मी म्हटलं, अहो, त्याच्याकडं काय कमी आहे का? तर म्हणाल्या, असू दे, आपली ती आपली. त्याच्यानंतर मिशनात दुसरे ब्रदर आले, चांगलेच होते, पण बालवाडीतली ती बुटकी खुर्ची मी कुणाला दिली नाही. बुधीआजी शेवटपर्यंत त्याची चौकशी करायची, आणि आम्हाला त्याच्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नसायचं.

मग काही वर्षांनी, आमच्या घरी फोन बसल्यावर, त्याचा एकदा फोन आला. मोठ्या फादरांकडून नंबर मिळवला होता. आवाज खरखरत होता, मराठी बरीच मोडली होती. मी बुधीआजी गेल्याचं सांगितलं. तो त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. प्रार्थना असावी. मी थांबले. नंतर विचारलं की तुमचं कसं चाललंय, आई कशी आहे.

म्हणाला, आई रागावली होती. त्याला सुट्टी होती, तो गुड फ्रायडेला घरी गेला होता. आईनं सकाळपासून खपून मासे केले, आणि यानं खाल्ले नाहीत. आईनं सांगितलं की अरे, चालतं आज. शेजारच्या बायांनी सांगितलं. फादर होऊन यालाच नियम माहीत नाहीत म्हणून भाऊ हसला. यानं आईला पाड्याची गोष्ट सांगून पाहिली, पण तिला काही ती पटली नाही. ती उठून आत गेली आणि तिनं बोलणं टाकलं.

"अहो, मग?" मी विचारलं.

"मग काय, बाई. तिच्या दारात जाऊन बसलो."

फोन तिथंच तुटला. मी बराच वेळ तिथंच थांबले, पण पुन्हा वाजला नाही. आईनं त्याला मग काय वाढलं, ते विचारायचं राहून गेलं.